नानांचा चष्मा आणि तीन बॅरल

नानांनी रायफल माझ्या टेबलावर ठेवली आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "सर, टीममधून माझं नाव काढा. डोळे गेले माझे."

साहेब म्हणजे आमचे राखीव पोलीस निरीक्षक. धुळ्याच्या मुख्यालयातली परेड, हत्यारं, फायरिंग सगळं त्यांच्याकडे. त्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये सहज चहाला आले होते. कप त्यांच्या हातातच राहिला.

नाना आमच्या नेमबाजी टीममधले सगळ्यात जुने. मूळचे साक्रीकडचे, हुद्दा सहायक फौजदार, रिटायरमेंट अगदी तोंडावर आलेली. जळगावच्या टीमशी आमची दरवर्षी चुरस असते, आणि यंदाची मॅच खास होती. थ्री-नॉट-थ्री रायफलीची ही शेवटची मॅच. महायुद्धाच्या काळातल्या या रायफली त्यानंतर कायमच्या जमा होणार होत्या. नानांची सगळी नोकरी या एका रायफलीवर गेली होती. अशा मॅचला नाना नाहीत, ही कल्पना साहेबांना सहन होईना.

"अचानक काय झालं?" त्यांनी विचारलं.

"अचानक नाही सर. वर्षभर चाललंय. दोन चष्मे बदलले. बायको रोज गाजर खाऊ घालते. फरक नाही."

मी आर्मरर आहे, म्हणजे पोलिसांच्या हत्यारांची मेकॅनिक. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर गोळ्या झाडतो. प्रत्यक्षात दिवसभर तेल, चिंध्या आणि स्क्रू. त्यामुळे कोणी डोळ्यांचं बोलायला लागलं तरी माझा हात आधी हत्याराकडे जातो. मी बोल्ट, म्हणजे मागची सरकती कडी, उघडून आत गोळी नाही ना ते पाहिलं. नानांनी दिलेली असली तरी पाहायचं, हा नियम.

"टार्गेटचा कागद आणलाय का नाना?"

त्यांनी खिशातून घडी काढली. गोळ्या सगळीकडे गेल्या होत्या. वर, खाली, एक तर कागदाच्या कोपऱ्यात. पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. दोन भोकं गोल नव्हती. लांबट होती, चिंचोक्यासारखी.

"नाना, डोळा चुकला तर गोळी भलतीकडे जाते. आडवी होऊन जात नाही."

साहेब कप ठेवून टेबलापाशी आले.

रायफलीच्या नळीला आम्ही बॅरल म्हणतो. तिच्या आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. गोळी त्या खाचांतून फिरत फिरत बाहेर पडते, भोवऱ्यासारखी, म्हणून ती सरळ जाते. खाचा झिजल्या की गोळी नीट फिरत नाही, वाटेत कलंडते आणि कागदावर आडवी आदळते.

मी गेज काढलं. गेज म्हणजे ठरावीक जाडीची पोलादी कांडी. चांगल्या बॅरलच्या तोंडात ती शिरायला नको. नानांच्या बॅरलमध्ये ती सुळकन आत गेली. मग मी बॅटरी मारून नीट पाहिलं. बॅरलच्या तोंडाची एकच बाजू घासली गेली होती. विहिरीच्या काठावर दोराचा चर पडतो, अगदी तसा.

"नाना, तुम्ही ही किती वेळा साफ करता?"

"रोज."

"फायरिंग नसलं तरी?"

"फायरिंग नसनं म्हनीसन काय व्हयनं ताई? धूळ तर बसस ना." साहेबांशी नाना ऑफिसची मराठी बोलत, माझ्याशी घरची अहिराणी. मीही शिरपूरची, म्हणून.

साफ करायला एक दोरी असते. तिच्या टोकाला चिंधी बांधायची आणि दोरी नळीतून ओढायची. नाना कसं ओढतात ते मी त्यांना करून दाखवायला लावलं. ते खुर्चीवर बसले, रायफल मांडीवर आडवी घेतली आणि दोरी स्वतःकडे, तिरकी ओढली. अगदी हळुवार. प्रत्येक वेळी दोरी बॅरलच्या त्याच काठाला घासत होती. तीस-बत्तीस वर्षं.

नानांच्या लक्षात आलं. त्यांनी दोरी नळीतून काढून टेबलावर ठेवली.

"म्हंजे मीच मारी टाकी का तिले?"

"गंजून मेलेल्या मी खंडीभर पाहिल्यात नाना. सेवा करून मेलेली ही पहिलीच."

साहेब आधी हसले, मग नानाही. हसता हसता त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. डोळे शाबूत आहेत, ही बातमी त्यांच्यापर्यंत आता पोचत होती.

"दुसरी रायफल देतो तुम्हाला," साहेब म्हणाले.

नानांनी मान हलवली. "सर, या लाकडावर माझा गाल बसलाय. दुसरीवर बसवायला दुसरी नोकरी लागेल."

म्हणजे रायफल तीच, बॅरल नवं. साहेबांनी त्याच दिवशी परवानगी घेतली. स्टोअरच्या एका पेटीत या रायफलीला चालतील अशी तीनच बॅरल उरली होती. दाट ग्रीस लावलेली, मेणकागदात गुंडाळलेली. मी रॉकेलने धुऊन ती टेबलावर मांडली. साहेब आणि नाना दोघंही हजर, मुलीला पाहायला आल्यासारखे.

साहेबांनी बोट ठेवलं ते सगळ्यात चकचकीत बॅरलवर. बाहेरून आरशासारखं. मी ते खिडकीकडे धरलं आणि त्यांना आतून पाहायला सांगितलं. गोळी जिथून सुटते त्या टोकाला आत काळे ठिपके होते. गंजाचे खड्डे.

"बाहेरून तर नवरदेव दिसतोय," साहेब म्हणाले आणि स्वतःच ते बाजूला ठेवलं.

दुसरं मला मनापासून आवडलं. आत पाच खाचा, धारदार, लखलखीत. गेज जिथे अडायला हवं तिथेच अडलं. पण बॅरल बसवणं म्हणजे बरणीचं झाकण लावणं नाही. ते रायफलीच्या बॉडीत आट्यांवर फिरवून बसवतात. हाताने फिरवलं की थोडं अलीकडे थांबायला हवं. उरलेलं पान्याने आवळायचं, म्हणजे पुढची माशी, नेम धरायचा खुंट, बरोबर वर उभा राहतो. हे बॅरल नुसत्या हातानेच पुढे निघून गेलं. माशी एका बाजूला कलली.

"मध्ये वॉशर टाका ना," साहेब म्हणाले.

"सर, हा नळ नाही."

"बरं बाई. राहिलं."

उरलं तिसरं. साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यात दोनच खाचा आहेत."

"युद्धात घाई होती सर. पाच खाचा पाडायला वेळ लागतो, म्हणून काही कारखान्यांनी दोनच पाडल्या."

नानांनीही पाहिलं. "दोनज? हाई तर आर्धी नळी शे ताई."

इथे आमचं जमेना. साहेबांचं म्हणणं, शेवटच्या मॅचला नानांच्या हातात घाईतला माल नको. माझं म्हणणं, खाचा मोजू नका, नळी मोजा. हे बॅरल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं होतं, आत एक डाग नाही, आणि हाताने फिरवल्यावर जिथे थांबायला हवं तिथे थांबलं होतं. मी पुस्तकात वाचलं होतं की दोन खाचांची बॅरल पाचवाल्यांइतकीच नीट मारतात. पण पुस्तकाच्या जोरावर नानांना मॅचला उभं करायचं, हे माझ्याही जिवावर आलं होतं. मी स्वतः असं बॅरल आधी कधी बसवलं नव्हतं.

शेवटी साहेब म्हणाले, "बसवा. रेंजवर काय ते दिसेल. नाही पटलं तर नाना ठरवतील."

बॅरल आवळलं. मग हेडस्पेस तपासलं. बोल्ट बंद झाल्यावर गोळीच्या मागे किती फट राहते, ते हेडस्पेस. फट जास्त झाली तर मारणाऱ्याच्याच तोंडावर संकट, म्हणून इथे अंदाज चालत नाही. ते बरोबर निघालं. पहिल्या गोळ्या मी रायफल स्टँडला बांधून, लांबून दोरीने झाडल्या. रिकामी काडतुसं तपासली. सगळं ठीक.

सकाळी रेंजवर गेलो. नाना पोटावर झोपले, गाल लाकडावर टेकवला आणि पाच गोळ्या सावकाश झाडल्या. मग झोपल्या जागेवरूनच साहेबांकडे मान वळवली. साहेबांनी दुर्बिणीतून टार्गेट पाहिलं.

"मधल्या काळ्या वर्तुळात एकपण नाही," ते म्हणाले.

नानांचा हात चष्म्याकडे गेला. 

"पाचही खाली डावीकडे आहेत," साहेब पुढे म्हणाले. दुर्बीण त्यांनी अजून काढली नव्हती. "आणि एका वाटीखाली झाकल्या जातील."

 नेमबाजीत गोळ्या कुठे लागल्या हे नंतर. त्या एकत्र लागल्या का, हे आधी. एकत्र असतील तर माशी थोडी सरकवली की झालं. मी जागेवरच ती सरकवली. पुढच्या पाच गोळ्या काळ्यात गेल्या. नाना स्वतः चालत टार्गेटपर्यंत गेले, भोकांवरून बोट फिरवलं. सगळी गोल.

परत आल्यावर मला म्हणाले, "आर्धी नळी बरी शे." आणि थोडं थांबून, "घर फोन करस. गाजर बंद."

मॅच जळगावला झाली. टीमची ढाल आम्ही आणली. वैयक्तिक पहिली आली जळगावची एक कॉन्स्टेबल, रावेरकडची मुलगी, काय हात होता तिचा. नाना तिसरे. बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. परतीच्या गाडीत त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

नंतर ठरल्याप्रमाणे सगळ्या रायफली जमा झाल्या. ट्रकमध्ये चढवताना नाना साध्या कपड्यात आले होते. आपली रायफल त्यांनी स्वतः उचलून दिली. नवं बॅरल जेमतेम एक मॅच खेळलं होतं.

काही महिन्यांनी ऑडिटचा प्रश्न आला. जमा होणार हे ठाऊक असताना या रायफलीला नवं बॅरल का बसवलं? साहेबांनी विचारलं, "काय उत्तर देणार?" मी लिहिलं, "आवश्यकता होती." त्यांनी खाली सही केली. पुन्हा कोणी विचारलं नाही. सरकारी कामात खरं उत्तर बहुतेक वेळा दोन शब्दांत मावतं. उगाच तिसरा लिहू नये.