बाईंच्या भाषणातला पहिला मुद्दा

प्रत्येक गावात बाईंचं भाषण संपत आलं की मागून कोणीतरी विचारायचंच, “बाई, तुमाले लेकरं किती हो?” आणि पारावरची माणसं हसायची. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असायचं. लग्नानंतर वर्षाच्या आत बाई विधवा झाल्या होत्या, हे चिखली तालुक्यात कोणापासून लपलेलं नव्हतं. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, मुलींच्या शाळेतली हेडमास्तरणीची नोकरी सोडलेली, आणि वर आमदारकीची उमेदवारी. एका बाईत एवढं सगळं असणं लोकांना झेपत नव्हतं.

मी त्यांच्याच शाळेत शिकले, तिथंच शिक्षिका झाले आणि त्यांच्याच घरी राहत होते. विधवा बाई परपुरुषांबरोबर जीपमधून हिंडते असं कोणी म्हणू नये म्हणून प्रचारात त्या मला सोबत नेत. लोक तरीही म्हणायचे ते म्हणायचेच. फक्त आता दोघींबद्दल म्हणायचे.

नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मुंबईला आपल्याकडचे पुरुष जातील आणि कापसाच्या भावाचं बोलतील, बायकांचं कोण बोलणार, असं बाईंचं म्हणणं. त्यांच्या मागण्या ठरलेल्या होत्या. मोठ्या गावात नर्ससकट बाळंतपणाचा दवाखाना. तालुक्याला मुलींचं वसतिगृह. निंदणी-वेचणीला बाईला पुरुषाएवढी मजुरी. आणि गावची विहीर सगळ्या गावाची, बौद्धवाड्याचीसुद्धा. प्रचाराचं काम पाहणारे वकीलसाहेब म्हणायचे, “मजुरीचं आणि विहिरीचं शेवटी बोला. तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात.” दवाखाना मात्र पहिला. त्यावर कोणाचं भांडण होणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

अमडापूरच्या पुढच्या एका गावात आम्ही दुपारी पोचलो. लिंबाखाली सतरंजी टाकली होती, पण बाईमाणूस एकही नव्हतं. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि समोरच्या घरातून किंकाळी आली. बाई थांबल्या. “काय झालं तिथं?”

“काही नाई,” एक म्हातारा म्हणाला. “पहिलटकरीन हाय. कालपासून अडली.”

बाईंनी भाषण तिथंच टाकलं आणि त्या घराकडे निघाल्या. मी मागून. ओट्यावर सासरा बसला होता, त्यानं मान वर केली नाही. दारात सासू उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

“माझी जीप आहे,” बाई म्हणाल्या. “मागं गादी टाकू. बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ तिला. पोट कापून का होईना, दोघंही वाचतील.”

“तुमच्या जीपीत?” सासू म्हणाली. “पांढऱ्या पायाच्या बाईच्या जीपीत माही सून बसवू? आन गाडी चालवते कोन, ते मले मालूम नाई का?”

चालवणारा बौद्धवाड्यातला होता. त्यानं तेवढ्यात आपलं कांबळं गाडीत अंथरलंही होतं. ते ऐकून तो गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

“अव बाई, मी मागं बसते, हात लावत नाही तिला,” बाई विनवू लागल्या. “ही मुलगी नेईल तिला. मी इथं गावात थांबते, पायी जाते. तिला जाऊ द्या.”

“जिच्या पोटी काई उपजलं नाई, थे आमाले बाळंतपन शिकवते!” सासूनं दार लावून घेतलं. आतून कडी वाजली.

बाई दारावर हात आपटत राहिल्या. मागं सभेला आलेली माणसं जमली होती. त्यातला एक म्हणाला, “मत मांगाले आली का लेकरू मांगाले?” आणि आतून ओरडणं चालू असताना माणसं हसली. मुलीचा नवरा गोठ्याजवळ उभा होता. बाई त्याच्याकडे गेल्या तर तो गोठ्यात शिरला.

उन्हं कलली तेव्हा आतला आवाज बारीक झाला आणि मग थांबला. थोड्या वेळानं सासूनं हंबरडा फोडला. दार उघडून ती बाहेर आली आणि बाईंकडे बोट दाखवून गावाला सांगू लागली, “ही दारात उभी राह्यली, मंग काय होईन? हिनं खाल्ली माही सून!”

जीप परत निघाली तेव्हा पोरांनी तिच्यावर ढेकळं फेकली. मोठी माणसं पाहत होती.

पुढचे दोन दिवस बाई जेवल्या नाहीत. वकीलसाहेब आले आणि म्हणाले, “बाई, हे सभेत बोला. तुमचा पहिला मुद्दाच आहे हा.” बाई म्हणाल्या, “मेलेल्या पोरीवर मतं मागू?” ते म्हणाले, “जिवंत पोरींसाठी मागा.”

अमडापूरच्या बाजारात त्या पहिल्यांदा त्यावर बोलल्या. झालं तसंच सांगितलं, गावाचं नाव न घेता. लेकरं किती, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. उलट बायका पदर तोंडाला लावून पुढं सरकल्या. बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं कोणी इतकं ऐकत होतं.

पुढच्या गावी त्यांनी सांगितलं की दार थोडं उघडं होतं आणि आत ती पोर दिसत होती. त्याच्या पुढच्या गावी त्या आत गेल्या. मग तिनं त्यांचा हात धरला. मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होते. परतताना मी म्हटलं, “बाई, हात कुठं धरला होता तिनं?”

त्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, “दार उघडलं असतं तर धरलाच असता ना? मग?”

हात धरण्याच्या जागी त्यांचा आवाज दर वेळी तुटायचा. तो खोटा तुटत नव्हता, एवढं मी सांगू शकते.

अशाच एका सभेत भाषण झाल्यावर एक बाई उठून उभी राहिली. उन्हानं रापलेली, रोजानं जाणारी असावी. “मी तिची माय आहो,” ती म्हणाली. जानेफळकडून आली होती. लेक गेल्याचं तिला कळवलं तेही लेकीला जाळून झाल्यावर. बाजारात कोणाकडून तरी बाईंचं भाषण तिच्या कानावर गेलं होतं.

“बाई, माह्या पोरीनं खरंच तुमचा हात धरला?”

एवढ्या माणसांसमोर बाई काय म्हणणार होत्या? “हो,” त्या म्हणाल्या.

“काई बोल्ली का थे?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. “माय म्हणाली. मायले सांगा म्हणाली, मले लय दुखलं नाई.”

ती बाई होती तिथं मातीत बसली. तिचं रडणं ऐकून सगळी सभा रडली. वकीलसाहेबांनी तिला पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी एक लुगडं दिलं. त्यानंतर ती जीपमध्ये आमच्याबरोबरच असायची. सभेत बाईंच्या शेजारी बसायची. लेकीचे शब्द आले की डोळे मिटून ओठांनी तेच शब्द म्हणायची. सभा झाल्यावर मला विचारायची, “आता कोनतं गाव?” तिला मुद्द्यांचं काही नव्हतं. तिला लेक पुन्हा बोललेली हवी होती.

बाई पडल्या. साध्यासुध्या नाही, अनामत रक्कम जप्त होईल इतक्या वाईट पडल्या. बाजारात रडलेल्या बायकांनी घरच्यांनी सांगितलं तिथंच शिक्का मारला होता. निवडून आलेल्यांची मिरवणूक आमच्या दारावरून नेली. गुलाल उधळला, आणि चौकटीला एक पाळणा बांधून त्यात लाकडाची बाहुली ठेवली. चार बाप्ये बायकी आवाज काढून पाळणा म्हणत उभे राहिले. बाई आत खाटेवर पडून ऐकत होत्या. मी तो पाळणा सोडायला गेले, तर म्हणाल्या, “राहू दे. त्यांना म्हणू दे पुरतं.”

काही दिवसांनी ती माय आली. तेच लुगडं नेसून, पायी. मी तिला माजघरात नेलं. ती बाईंच्या खाटेपाशी खाली बसली आणि म्हणाली, “सांगा ना बाई, अजून एकडाव. काय म्हने माही पोट्टी?”

बाई उठून बसल्या. “तुझी पोर काही म्हणाली नाही.”

“असं कसं?”

“तिनं माझा हात धरला नाही. मी तिला पाहिलंसुद्धा नाही. दार बंद होतं. ते मी केलेलं होतं, भाषणासाठी. आता भाषण नाही.”

हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं असतं तर वेगळं झालं असतं. त्या वर्गात बोलतात तशा बोलल्या, एकेक शब्द सुटा.

ती माय माझ्याकडे वळली. “तुमी होत्या ना? तुमी सांगा.”

“दार बंद होतं,” मी म्हणाले. “आवाज येत होता फक्त.”

“मायले हाका मारे का?”

“शब्द कळत नव्हते.”

मी पाणी दिलं, ते तिनं सगळं प्यायलं. मग बाईंना म्हणाली, “मले काऊन फसवलं व बाई? माह्यं त मत बी नोयतं इकडचं.”

बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. ती उठली आणि एसटीची वेळ न विचारताच गेली.

नव्या आमदारानं पुढं दवाखाना आणला, स्वतःच्या गावात. बाईंनाही बोलावणं होतं. त्या गेल्या, मागं बसल्या, टाळ्या वाजवून आल्या. मग पुन्हा शाळेत रुजू झाल्या. खोटं बोललेल्या मुलीला त्या पूर्वी नुसतं बाकावर उभं करत. आता छडीनं हात सुजेपर्यंत मारत.

लग्नानंतर मी एकदा माहेरपणाला म्हणून त्यांच्याकडे गेले होते. दुपारी एक माणूस पेढे घेऊन आला. दार लावून घेणाऱ्या त्या सासूनं पाठवले होते. मुलाचं वर्षाच्या आत दुसरं लग्न झालं होतं, आणि ही सून नव्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली होती. बाईंनाही द्या, असं सासूनं मुद्दाम सांगितलं होतं म्हणे. त्या दिवसाची माफी म्हणून की खिजवायला, ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं. तो पाणी पिऊन गेला.

बाईंनी पुडा उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला.

“मुलगा झाला असेल,” त्या म्हणाल्या, “मुलीचे कोण वाटतं,” आणि पुडा माझ्यापुढं सरकवला.