ड्रायव्हरचा दुसरा चहा

कॉलेजात 'विद्यार्थी आणि वेळेचे व्यवस्थापन' या विषयावर बोलून मी वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलं होतं, हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो. त्यानंतर जे झालं ते मात्र कुणी विचारलं तरी सांगत नाही.

प्रकाशा गावाजवळच्या आमच्या खेड्यातून शहाद्याला कॉलेजात वेळेवर पोचवणारी एकच गाडी होती, मुक्कामी एसटी. संध्याकाळी ती गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे आणि सकाळी साडेसहाला गाडी सुटायची. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात सात वाजल्याशिवाय ती कधी हललेली मी पाहिली नव्हती. त्यानंतरची गाडी थेट दुपारी.

माझं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं. अभ्यासाला हिरवं स्केचपेन, विश्रांतीला लाल. लांबून पाहिलं तर मिरचीची पथारी वाळत घातल्यासारखं दिसायचं, इतकी विश्रांती त्यात होती. पण एका गोष्टीचा मला खरोखर अभिमान होता. एसटी रोज अर्धा तास उशिरा सुटते हे मी बरोबर हेरलं होतं. त्या अर्ध्या तासाला मी 'वाचवलेला वेळ' म्हणायचो आणि तो सगळाच्या सगळा झोपेत घालवायचो. सातला पाच कमी असताना तोंडावर पाणी मारायचं, बॅग खांद्याला अडकवायची आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत चढायचं. गाडी आमच्या दारासमोरच उभी राहायची, तेही माझ्या नियोजनाचंच यश असल्यासारखं मला वाटे.

भाषणात मी एसटीच्या बेशिस्तीवर बोललो. मग उदाहरण दिलं आप्पांचं, माझ्या वडिलांचं. नाव नाही घेतलं, 'आमच्या ओळखीचे एक गृहस्थ' म्हणालो. हे गृहस्थ रोज सकाळी एसटीच्या ड्रायव्हरला ओट्यावर बसवतात, चहा पाजतात, पपईच्या भावापासून सोयरिकीपर्यंत गप्पा मारतात आणि स्वतःचा व राष्ट्राचा अर्धा तास वाया घालवतात. टाळ्या पडल्या. राष्ट्र हा शब्द घातला की पडतातच.

दुसऱ्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक येणार होते. गैरहजर राहिलं तर विषय राहणार आणि तो राहिला की पुढच्या वर्षाला प्रवेश नाही, असं सरांनी दहादा बजावलं होतं. नेमकं आदल्या दिवशी आत्याचं ऑपरेशन चिंचपाड्याच्या दवाखान्यात ठरलं. आई आणि आप्पा दोघंही तिच्यासोबत निघाले. आई मला चार गोष्टी सांगून गेली, त्या मी ऐकल्या नाहीत. आप्पांनी एकच सांगितली.

"सकायले ड्रायव्हरले च्या देजो. दोन कप."

मी हो म्हणालो. ते गेल्यावर वेळापत्रक पाहिलं. परीक्षेच्या दिवशी सकाळी ओट्यावर चहापार्टी! अनावश्यक कामांना नाही म्हणायला शिका, हे माझ्याच भाषणातलं वाक्य. मी नाही म्हटलं आणि तो वेळही झोपेत जमा केला.

ठरल्याप्रमाणे सातला पाच कमी असताना बॅग अडकवून दार उघडलं. समोर रस्ता होता. नुसताच रस्ता. जिथे गाडी उभी राहायची तिथे एक शेळी बसली होती.

समोरच्या काकू अंगण झाडत होत्या. त्यांना विचारलं, "काकू, गाडी?"

"कवळच गयी. बराबर टाइमवर."

"पण ती तर रोज सातला जाते."

काकूंनी झाडू थांबवला. मी खरंच विचारतोय की थट्टा करतोय, हे त्या बघत होत्या.

"तुन्हा बाप थांबाडस म्हनीसन जास सातले. आज तो नही, मंग कोन थांबाडी?"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही, उलट पाय तिथेच रुतले. एसटीचा उशीर, माझा वाचवलेला वेळ, माझं पहिलं बक्षीस, सगळं आप्पांच्या चहावर चाललं होतं. मला लाज वाटली. पण लाज वाटायलाही त्या सकाळी वेळ नव्हता.

पळत फाट्यावर गेलो. पपईचा एक पिकअप थांबला. पुढे जागा नव्हती, म्हणून मागे कॅरेटवर बसलो. पुढे वाटेत दोन मळ्यांतून माल भरायचा होता. तिथे मीही कॅरेट उचलले, कारण हातावर हात धरून बसलो असतो तर आणखी उशीर झाला असता. प्रयोगशाळेच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या पांढऱ्या ॲप्रनला पपईचा चीक लागलेला होता आणि आतल्या बॅचचे ब्युरेट केव्हाच भरून झाले होते.

सर दारातच भेटले. खालून वरपर्यंत पाहत म्हणाले, "वेळेचं व्यवस्थापन. पहिलं बक्षीस. तूच ना रे?"

मी ॲप्रनवरचा चीक चोळत राहिलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. त्यांनी आत जाऊन परीक्षकांशी बोलणी केली आणि मला दुपारच्या बॅचमध्ये बसवलं. वर्ष वाचलं. त्यात माझ्या नियोजनाचा काही हात नव्हता.

संध्याकाळी त्याच मुक्कामी गाडीने परतलो. चढताना ड्रायव्हरकाका म्हणाले, "सकाळी दोनदा हॉर्न मारला. कुणी आलं नाही, मग निघालो."

"आप्पा नव्हते ना. चहा राहिला तुमचा."

ते हसले. "मला एकच कप लागतो. शुगर आहे. दुसरा तुझ्यासाठी घेत होतो."

मी घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर कापसाची शेतं होती, ती मी रोजच बघायचो. त्या दिवशी आप्पांची फार आठवण आली, जणू ते चिंचपाड्याला नाही, परदेशी गेले होते.

आप्पा आईला घेऊन दुसऱ्या दिवशी परतले. त्यांनी "पेपर भेटना का?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. बाकीचं काकूंनी सांगितलंच असणार.

त्यानंतरच्या सकाळी मी गावात सर्वांत आधी तयार होतो. साडेसहाच्या आत गाडीत जाऊन पहिल्या सीटवर बसलो. आप्पांच्या आता लक्षात येईल, ते आज ड्रायव्हरला सोडतील, असं मला वाटलं. पण ओट्यावर गप्पा चालूच. पहिला कप संपला, दुसरा हातात आला. मी सारखं घड्याळ बघायला लागलो. शेवटी मी खिडकीतून म्हणालो, "आप्पा, मी आलोय. बसलोय गाडीत."

आप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"तू ऊना ते दखायनं. खालनी गल्लीनी पोर येवानी शे आजून. तिले पहाटे गोठानं काम ऱ्हास."

ती पोर माझ्याच कॉलेजात, कला शाखेला होती आणि रोज माझ्यानंतर धापा टाकत गाडीत चढायची. तिला वेळेचं भान नाही, असंही मी भाषणात म्हटलं होतं.

मी गाडीतून उतरलो, घरात गेलो आणि आईला म्हणालो, "ड्रायव्हरकाकांना यापुढे दुसरा कप बिनसाखरेचा दे."