बर्फाच्या कारखान्यातला ओव्हरशूट

"मॅडम, काटा वर चाललाय!" महेंद्र ओरडला आणि मी शिडीवरून उडीच मारली.

रेवदंड्याच्या एका मच्छीमार सोसायटीचा हा बर्फाचा कारखाना. महेंद्र तिथला ऑपरेटर, मी रेफ्रिजरेशन इंजिनीअर. विजेच्या लाइनचा भरवसा नाही म्हणून कारखाना बराचसा डिझेल जनरेटरवर चालायचा. तो सोलरवर आणायचं काम माझ्याकडे होतं आणि आज पहिली ट्रायल होती. सकाळपासून कॉम्प्रेसर नुसत्या उन्हावर इतका सुरेख पळत होता, की मला नाचावंसं वाटत होतं.

बर्फ होतो तो असा. मोठ्या टाकीत खारं पाणी असतं, त्याला ब्राइन म्हणतात. ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवायचे. ब्राइन वजा दहाच्या आसपास राहिलं, की डब्यात लादी तयार होते. आमची मर्यादा होती वजा आठ. दुपारी ढग आले, कॉम्प्रेसर मंदावला आणि ब्राइनच्या थर्मामीटरचा काटा ती ओलांडून वर निघाला.

सोसायटीचे चेअरमन हरेश नाखवा धावत आले. "डिझेल लाव, महेंद्र! सांच्याला बोटी येतील. बर्फ न्हाय तर म्हावरा सडंल."

"थांबा, नाखवा. याला आम्ही ओव्हरशूट म्हणतो. मर्यादा ओलांडली, तरी परत खाली आणता येतं. किती वर जाऊ द्यायचं आणि किती वेळ, ते आपल्या हातात आहे."

"पेपरात पन तेच वाचला. पृथ्वीची दीड डिग्रीची मर्यादा आता ओलांडनारच म्हनं. मंग आमी डिझेल बंद करून काय उपेग?"

"जितकी जास्त ओलांडली, तितकं परत येणं कठीण. शिवाय आपली लादी पुन्हा गोठेल. समुद्राचं तसं नाही. तो एकदा चढला, की उष्मा उतरला तरी आपल्या हयातीत खाली यायचा नाही."

नाखव्यांनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "सांग काय करायचा ते. पन झटपट."

"नवे डबे सोडू नका. कोमट पाणीच सगळी थंडी खातं. बर्फ फोडायचा क्रशर, पंखे, ऑफिसचा एसी बंद. आहे ती वीज कॉम्प्रेसरला."

महेंद्रने टाकीवरची झाकणं घट्ट बसवली. नाखव्यांनी स्वतः त्यांवर गोणपाटं अंथरली. काटा वजा सहापर्यंत चढला आणि तिथेच थबकला.

ऊन पडलं. कॉम्प्रेसरचा सूर चढला. काटा हलला, खाली!

"उतारला! उतारला!" नाखवा लहान मुलासारखे ओरडले. महेंद्रने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच "सॉरी मॅडम" म्हणाला.

संध्याकाळी डबे वर काढले. कडेच्या रांगेतल्या काही लाद्या मध्ये पोकळ निघाल्या, बाकीच्या काचेसारख्या टणक. सगळ्या बोटींना बर्फ पुरला. जनरेटरला कोणी हातही लावला नव्हता.

"आता जेटीवरचे दिवे पन सोलरवर घेऊ," नाखवा म्हणाले. "प्लॅन कर."

माझ्या धंद्यात मर्यादा ओलांडली म्हणून कोणी प्लँट सोडून घरी जात नाही. त्या दिवशी काम जरा जास्त असतं, इतकंच.