शांतूमामाचा अस्सल साग

पिठी. पांढरी, रांगोळीपेक्षा बारीक.

रविवारी सकाळी साडेदहा, वीस माणसं, मसालेभात.

रिकामा पाळणा हलवू नये.

स्टीलचा, घडीचा, दोन दिवसांत घरपोच.

कानावरची चपटी पेन्सिल.

वरवंटा कुणी धुऊन ठेवलाय का?

०

गुरुवारची दुपार. जेवण अंगावर आलंय आणि मी धाकट्या भावाच्या, मंदारच्या फ्लॅटमध्ये पाळण्याशेजारी चटईवर आडवी झालेय. डोळे मिटताना शेवटची दिसते ती पिठीच. फरशीवर. सकाळीच पुसली होती.

मंदारची मुलगी आज नऊ दिवसांची. रविवारी बारसं. मी आत्या, म्हणजे कानात नाव सांगायचं काम माझं. पाळणाही माझ्याच हट्टाने आलाय. नव्वद वर्षांचा. आईच्या आजोबांनी घडवला, माझ्या बारशाला शांतूमामाने दुरुस्त केला. त्यात मी झोपले, मग मंदार. मामीने माळ्यावरून काढून दिला, टेम्पोतून देवरुखहून रत्नागिरीला आला, आणि दुसऱ्या दिवशी खाली पिठी.

फवारणीवाला फोनवरच म्हणाला, "वाळवी. सगळ्याला औषध मारायला लागेल."

माझी वहिनी तृप्ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "ताई, सहा महिन्यांनी ही कठडा चावणार. मग औषध कुणाच्या पोटात?" आणि थोड्या वेळाने, "उद्या संध्याकाळपर्यंत बघा. नाहीतर स्टीलचा मागवते."

उद्या संध्याकाळ. उद्या संध्या

०

"काय गो आत्याबाई, झोपलीस?"

शांतूमामा फ्रीजला टेकून बसलाय. बंडी, खाकी हाफपँट, गुडघ्यावर भुसा. फ्रीजवर त्याचा रंधा ठेवलाय.

"मामा, तू गेलायस ना? नऊ वर्षं झाली."

"गेलोय म्हणून तर वेळ आहे. जिवंत असताना दुपारचा कधी आलो होतो तुमच्याकडे?"

खरं आहे. चटईखाली आता फरशी नाही, लाकडाच्या ढलप्या आहेत, आणि खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नाही, देवरुखच्या त्याच्या कारखान्याचा फणस दिसतो. मामा चिमूटभर पिठी उचलतो, दोन बोटांत चोळतो.

"वाळवी म्हणाला कोण?"

"फवारणीवाला."

"बघून?"

"फोनवर."

"वाळवी आपली सडक बांधत येते गो. मातीची. कंत्राटदार असते ती, लपून नाही येत. हा भुंगा. आतच वाढतो, आतच खातो, आणि बाहेर पडताना टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून जातो. बोलावल्याशिवाय येत नाही हा."

"मग कुणी बोलावला?"

मामा पेन्सिल शोधायला लागतो. पेन्सिल त्याच्या कानावरच आहे. मी सांगत नाही.

०

एसटीच्या टपावर आम्ही दोघं आणि मध्ये पाळणा. हातखंब्याचं वळण. वारा एवढा की मामाची बंडी फुगलीय. त्याने एका हाताने पाळण्याची साखळी धरलीय, दुसऱ्या हाताने मला.

"अख्खा पाळणा किडला, मामा. आणि तू सांगत फिरायचास, अस्सल साग, शंभर वर्षं बघायला नको."

"सांगायचो."

"लग्नात सांगायचास. मयतात सांगायचास. ग्रामसभेत पाण्याचा विषय चालू असताना उठून सांगितलंस."

"सांगितलं गो, सांगितलं."

"मग सागाला भुंगा कसा लागला?"

मामा वळणाकडे बघतो. वळण संपतच नाही.

"सागाच्या गाभ्याला भुंगा तोंड लावत नाही," तो शेवटी म्हणतो.

"म्हणजे?"

"म्हणजे तो सागाला लागलेला नाही."

एसटी थांबते. की पहिल्यापासून थांबलेलीच होती? मी मामाकडे बघते. तो पाळण्याकडे बघतो. पंचेचाळीस वर्षं आमच्या सगळ्यांच्या लेखी जो पाळणा फक्त सागाचा होता, त्यात कुठेतरी दुसरं लाकूड आहे.

"कुठे, मामा?"

"आता मला काय आठवतंय! पॉलिश असं मारलंय की माझं मलाच ओळखू येत नाही." हे म्हणताना त्याला जरा अभिमानच वाटतो. "हलवून बघ. जिथून पिठी गळेल तिथे."

"रिकामा पाळणा हलवत नाहीत. आई ओरडेल."

"माझी ताई ओरडली तर मी मेलेला उठून पळेन. रिकामा कोण हलवायला सांगतोय? वरवंटा घाल."

"वरवंटा?"

"बारशाला पाळण्यात पहिला कोण निजतो? वरवंटा. मग बाळ. आपल्या शास्त्रात सगळ्याची सोय असते, तुम्ही बघत नाही."

०

वरवंट्याने टोपडं घातलंय. फार शहाणं दिसतं त्याच्यावर.

आम्ही मंदारच्या हॉलमध्ये आहोत, पण फणस आत आलाय. मामा त्याची काळी छत्री उघडतो आणि उलटी करून पाळण्याखाली ठेवतो. मग हलवतो. साखळ्या कुईकुई करतात. एक झोका, दोन झोके. छत्रीच्या काळ्या कापडावर पिठी पडायला लागते. सगळीकडे नाही. एका बाजूला, एका रेषेत, भांग पाडल्यासारखी.

"हां," मामा म्हणतो, आणि कठड्याच्या वरच्या दांडीला कान लावतो. "ऐक. कुर्र म्हणतोय बघ. तुझं काम याने आधीच उरकलं."

मी कान लावते. खरंच. आतून कुर्र. थांबून पुन्हा कुर्र.

"नाव काय सांगतोय?" मी विचारते.

"तुझ्या मामाचं." तो कानावरची पेन्सिल काढतो, जिभेला लावतो, वाकतो आणि दांडीच्या खालच्या अंगाला फुली मारतो. काढायच्या लाकडाला तो नेहमी मारायचा तशी. मग काचेचा ग्लास फोडलेल्या पोरासारखा हळूच म्हणतो, "आंबा."

"आंबा?"

"पण चांगला आंबा गो. रायवळ."

"मामा!"

"दोन खुंट्या आहेत, खालून ठोक, निघतील. दांडी जाळून टाक. तिथे साग बसव, गाभ्याचा, पांढरा भाग नको. बाकी पाळण्याला औषधाचा थेंब लावू नको. आणि खाली काळं फडकं टाकून ठेव. रोज सकाळी बघायचं. फडकं काळं राहिलं की माझी नात निजली."

"एक सांग. आंबा का लावलास?"

"चिपळूणहून सागाची फळी यायची होती."

"मग थांबायचंस ना!"

मामा हसायला लागतो. पोट धरून, खोकत, फणसाची पानं हलेपर्यंत. पेन्सिल हातातून पडते.

"मी थांबलो असतो गो," डोळे पुसत तो म्हणतो. "घाई मी नव्हती केली."

"मग कुणी?"

कुर्र.

०

चार वाजलेत. गालावर चटईची नक्षी. बाळ आतल्या खोलीत कुरकुरतंय.

मी तोंड न धुताच मंदारची छत्री शोधते. काळी आहे, बरं झालं. वरवंटा ओट्याखाली धुऊन ठेवलेला असतो. छत्री उलटी, वरवंटा आत, एक झोका, दोन झोके.

"ताई," दारात तृप्ती, खांद्यावर बाळ. "वरवंट्याला झोप येत नाहीये का?"

मी खाली बोट दाखवते. छत्रीवर पिठी पडतेय. खिडकीकडच्या बाजूला, एका रेषेत.

मग मी गुडघे टेकते, मोबाइलचा टॉर्च लावते आणि वरच्या दांडीच्या खाली डोकं घालते. बारीक बारीक भोकं. दोन लाकडी खुंट्या. आणि त्यांच्यामध्ये पेन्सिलची फुली.

मी तिच्यावर बोट फिरवते. बोट काळं होतं.

तृप्ती वाकून बघते. माझ्याकडे बघते. पुन्हा दांडीकडे.

"एवढीच किडलीय?"

"एवढीच. उद्या मेस्त्रीकडून बदलून आणते."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा अस्सल साग."

"असं कोण म्हणतं?"

"भुंगा म्हणतो."

ती हसते, बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेते आणि मोबाइलवरचा स्टीलचा पाळणा अंगठ्याने पुसून टाकते.

०

माझा जन्म सुईणीने सांगितलेल्या दिवसाच्या बावीस दिवस आधी झाला.