डावीकडे की उजवीकडे?

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि डमडमला बिऱ्हाड लागल्यावर मी एका कॉलेजात संशोधनासाठी नाव घातलं. काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर रेझिनने एकावर एक चिकटवून केलेल्या पट्ट्या हा माझा विषय. आत कुठे थर सुटले, तरी वरून काहीच दिसत नाही. पट्टी न कापता ती जागा गणिताने सापडेल का, हे मला बघायचं होतं.

माझ्याबरोबर एक बंगाली सीनियर काम करत. मी त्यांना दादा म्हणायची. एकदा त्यांनी तेवढ्या जागी थर चिकटू नयेत म्हणून मध्ये सेलोफेनचा तुकडा दडवून पट्टी बनवली आणि माझ्यापुढे ठेवली. "शोधा पाहू!"

पट्टीची दोन्ही टोकं घट्ट आवळून आम्ही ती ठोकली, तिची कंपनं मोजली; आत थर सुटले की कंपनं बदलतात. मग मी कागदावर पट्टीचे बारीक भाग पाडले आणि दोष एकेका भागात, कमी-जास्त लांबीचा आहे असं धरून संगणकाकडून हिशेब करून घेतला. भोकं पाडलेल्या पंच कार्डांचा गठ्ठा दिला की उत्तर दुसऱ्या दिवशी मिळे. वीज गेली तर त्याच्याही नंतर. अखेर हिशेबाचे आकडे मोजमापाशी जुळले, पण दोन ठिकाणी! डाव्या टोकापासून जेवढ्या अंतरावर, तेवढ्याच उजव्या टोकापासून.

"यातलं खरं कुठलं?" दादांनी विचारलं.

घरी जाताना बसमध्येही डोक्यात तेच. दोन्ही टोकं सारखीच आवळलेली, मग कंपनांतून डावं-उजवं कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी मी एक टोक मोकळं सोडलं, पुन्हा मोजमाप घेतलं, पुन्हा कार्डं दिली. आता एकच जागा आली, डावीकडची. दोष मात्र चांगलाच लांब निघाला.

"जागा बरोबर आहे," दादा म्हणाले, "पण एवढा मोठा तुकडा मी घातलाच नव्हता."

"मग कापूनच बघू या."

आम्ही करवतीने पट्टी चिरली. सेलोफेन तिथेच होतं, आणि त्याच्या पुढेही थर नखाने सहज सुटत होते. दादा भिंग घेऊन वाकले.

"इथे रेझिन पोचलंच नाही. का बरं?"

"तुकड्याच्या कडेने हवा अडकली असेल?"

"बनवून बघायला हवं."

त्या दुपारी जेवायचं राहूनच गेलं. आम्ही नव्या पट्टीसाठी कापड कापायला बसलो होतो.