दोघांचं तिकीट

बाईंचं काम इस्पितळाच्या तळघरात. वर ऑपरेशन व्हायचं आणि खाली रक्ताने माखलेले चिमटे, कात्र्या, सुऱ्या ट्रेमध्ये भरून लिफ्टने यायचे. ते धुवायचे, भिंगाखाली धरून कुठे काही चिकटलेलं नाही ना ते बघायचं, हिरव्या कापडात बांधायचे आणि कपाटाएवढ्या वाफेच्या यंत्रात ढकलायचे. यजमान वारल्यावर पोरीच्या शिक्षणासाठी म्हणून बाई या परक्या देशात आल्या. पोर तिकडेच शिकली, लग्न होऊन सासरी रमली आणि बाई इथेच राहून गेल्या. फोन केला की पोर म्हणायची, "आई, कुकर लावलाय गं, नंतर करते." तो कुकर काही उतरायचा नाही.

सुट्टीच्या दिवशी क्वार्टरमधली खोली खायला उठायची. मग बाई स्टेशन गाठायच्या. तास-दोन तासांच्या अंतरावर तटबंदीची, घड्याळाच्या मनोऱ्यांची जुनी गावं होती. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. इतिहासाचं आणि बाईंचं शाळेपासून वाकडं, पण दिवस ढकलायला तटबंदी बरी. तिच्या कडेकडेने चालत राहिलं की बघणाऱ्याला वाटतं, या बाईला काहीतरी काम आहे.

तिथल्या रेल्वेची एक रीत होती. सुट्टीच्या दिवशी दोघांत मिळून एक स्वस्त तिकीट मिळे. अट एवढीच, की तिकीट ज्याच्याकडे असेल त्याच्याबरोबरच दुसऱ्याने प्रवास करायचा. त्यामुळे एकटीदुकटी माणसं तिकिटाच्या यंत्रापाशी जोडीदार हेरत उभी असत. एकदा यंत्राने बाईंची नोट तिसऱ्यांदा बाहेर फेकली आणि बाई पुटपुटल्या, "मेल्या, गिळ की आता!"

"उलटी घालून बघा," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं.

हे मास्तर. गणिताचे निवृत्त शिक्षक. बायको गेल्यावर मुलगा त्यांना इथे आपल्याकडे घेऊन आला होता. सुट्टीच्या दिवशी मुला-सुनेला घर मोकळं मिळावं म्हणून ते बाहेर पडत. "म्हातारा घरात असला की त्यांना धड भांडताही येत नाही हो," ते म्हणत. निवृत्त मंडळींच्या गटाबरोबर जातो, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं.

तेव्हापासून सुट्टी आली की दोघांचं तिकीट, बाईंचा डबा आणि मास्तरांचा इतिहास. तो सगळा मनचा. "हा दरवाजा राजाने तिसऱ्या राणीसाठी बांधला. पहिल्या दोघींची तक्रार होती, की ही येता-जाता आमच्याकडे साखर मागते."

"मास्तर, तुम्ही गणित शिकवायचात ना?"

"गणितात थापा मारता येत नाहीत. जन्मभर खरं बोलून कंटाळलो."

बाई तोंडाला पदर लावून हसत. एरवी आठवडाभर त्यांच्या तोंडून मराठी शब्द निघत नसे. हा माणूस सुटला तर आपण मुक्या होऊ, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याला थोडी सर्दी झाली तरी त्या धास्तावत.

एकदा गाडीला ही गर्दी. बाईंना कशीबशी टेकायला जागा मिळाली, मास्तर उभेच. जंक्शनवर गाडी थांबली तसे ते म्हणाले, "पुढचे डबे मोकळे दिसतायत. मी रुमाल टाकून दोन जागा धरतो, तुम्ही या मागून." आणि वयाला न शोभेल अशा चपळाईने ते उतरून पळाले. आपल्याकडच्या गाड्यांत मुरलेला माणूस तो! बाई पिशव्या गोळा करतायत तोवर दारं मिटली. मग कर्ण्यावरून कधीपासून काय सांगत होते ते त्यांच्या डोक्यात शिरलं. गाडीचे इथे दोन भाग होतात, पुढचे डबे दुसऱ्याच गावाला जातात.

तिकीट बाईंकडे. मास्तरांना तिथल्या भाषेचं अक्षर कळत नव्हतं आणि फोन घरी विसरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाई पुढच्या स्टेशनवर उतरल्या, उलट्या आल्या, त्या दुसऱ्या गावाच्या गाडीत चढल्या. वाटभर जिवाला घोर. पण खरं सांगायचं तर मास्तर सापडतील की नाही, एवढाच तो घोर नव्हता. आता मुलगा यांना पुन्हा सोडेल का, हाच विचार आधी येत होता, आणि त्याची बाईंना लाज वाटत होती.

मास्तर स्टेशनातल्या बाकावर बसले होते. बाईंना बघताच उठले. "तुमची जागा धरली होती हो. खिडकीची. दोघंतिघं बसायला आले, हातानेच नको नको केलं. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही."

सुनेने कोटाच्या खिशात नंबराची चिठ्ठी घालून ठेवली होती, त्यावरून रेल्वेच्या माणसांनी मुलाला कळवलं होतं. बाईंनी दोघांचं तिकीट दाखवलं तसा खिडकीतला कारकून मान डोलवून आत गेला. मग बाईंनी बाकावर डबा उघडला. मास्तरांनी दोन घास खाल्ले असतील नसतील, तेवढ्यात मुलगा आला, धापा टाकत, हातात मोटारीची किल्ली.

"बाबा! अहो, जीव गेला आमचा!" मग त्याचं लक्ष डब्याकडे गेलं, डब्यावरून बाईंकडे. "या कोण?"

मास्तरांनी तोंडातला घास गिळला. "कुणी नाही रे. तिकिटापुरत्या. दोघांत स्वस्त पडतं ना, म्हणून."

"हो ना, तेवढंच," बाई लगेच म्हणाल्या आणि त्यांनी डब्याला झाकण लावलं.

मुलगा वाईट नव्हता. त्याने आभार मानले, मोटारीतून सोडतो म्हणाला. बाई म्हणाल्या, परतीचं तिकीट आहे. मास्तर मोटारीत बसले, मुलाने वाकून त्यांचा पट्टा लावला. ते समोरच बघत होते.

परतीच्या गाडीत बाईंनी मास्तरांची बाजू घेऊन पाहिली. पोटच्या पोरापुढे बिचाऱ्याने सांगायचं तरी काय? मैत्रीण? या वयात? आपल्याला विचारलं असतं तर आपण तरी कुठलं नातं सांगणार होतो? पण 'कुणी नाही' म्हणायला नको होतं. ओळखीच्या आहेत, एवढं म्हणता आलं असतं. बाई रडल्या. समोरच्या मुलीने कागदी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला.

पुढच्या सुट्टीला त्या यंत्रापाशी उभ्या राहिल्या. नेहमीची गाडी गेली, नंतरचीही गेली. एका तरुणाने विचारलं, जोडीने तिकीट काढायचं का? त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि त्या घरी आल्या.

त्यानंतरच्या सुट्टीला त्यांनी जादा पाळी मागून घेतली. तळघरातल्या मुकादमाला नवल वाटलं. "आज कुठलं गाव नाही?"

"सगळी बघून झाली," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा ट्रे ओढला.