फल्ली तेलाची लाँच

आमच्या सौंसरच्या गॅरेजात दोन गोष्टी ढिगानं साचतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून सांगावे लागतात. हे सगळे एकाच लाँचचे आहेत. सौंसरात रंगीत टीव्ही नवा नवा होता, तेव्हाचे.

लाँच धरणावरची, सरकारी, जुनी. ट्रकवरून अंगणात उतरवली तेव्हा मी सहज तिचं स्टिअरिंग फिरवून पाहिलं. अर्धा फेरा फिरलं, पण मागचं सुकाणू जागचं हललं नाही. 

"दशरथकाका, हे रिकामंच फिरून राहिलं!"

दशरथकाका म्हणजे लाँचचे ड्रायव्हर. "तिची सवय हाय ते. आधी अर्धा फेरा नमस्कार, मंग वळते."

आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत त्यांनी विचारलं, "मिस्त्री कोठी हाय?"

मिस्त्री म्हणजे माझे बाबा. पांढुर्ण्यापर्यंतचे ट्रॅक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. धरणावरच्या साहेबांनी त्यांना बजावलं होतं, "सुकाणू सुधरलं तर ठीक, नाही तर लाँच लिलावात." लाँच गेली तर पलीकडच्या गावाला नर्सबाई जाणार कशानं? रस्त्यानं वळसा घेतला तर दिवस जातो.

"आणि लाँचीसंगं माह्या नावाचाबी लिलाव," बाबा म्हणाले.

*

काम तसं ट्रॅक्टरसारखंच. स्टिअरिंग फिरवलं की पंप तेल ढकलतो, तेल नळीतून मागच्या सिलिंडरात जातं आणि सुकाणू वळतं. बाबांनी नळी सोडली, आणि गॅरेजभर शिळ्या भज्यांचा वास!

"दशरथ, काय टाकलं होतं यात?"

"तेल."

"कोणतं?"

"फल्लीचं, शेंगदाण्याचं. ऐन पाण्यात तेल सरलं. नर्सबाईच्या पिशवीत डबा होता."

"मंग नंतर बदललं काहून नाही?"

"चालून राहिलं होतं न!"

बाबा डोक्याला हात लावून बसले. "हे लाँच नाही बाप्पा, कढई हाय!"

*

त्या तेलानं सगळे रबरी सील चिकटून फाटले होते. नवे आणायला नागपूरला मला पाठवलं, कारण मी बी.एस्सी. झालेली! जुना सील रुमालात बांधून नेला. दुकानदारानं तो उलटासुलटा केला.

"कशाचा?"

"लाँचचा. सौंसरहून आली मी."

"सौंसरले समुद्र कधी आला?"

सगळं दुकान हसलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "समुद्र नाही, धरण आलं. समुद्र आला की कळवू!"

सील मिळाले. परतीच्या बसमध्ये मी ते वाक्य मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं की सौंसर मागं गेलं. रामाकोन्याला उतरून उलटी बस धरावी लागली!

*

सिलिंडर लाँचच्या शेपटाकडे, फळ्यांखाली. आत जायचं झाकण एवढंसं. बाबांचं पोट त्यात अडकलं ते अडकलंच, दोघांनी ओढून काढलं. मग मी उतरले. हात घालते तर सिलिंडरावर बेडूक!

मी अशी ओरडले की वेल्डरच्या हातची कांडी पडली आणि दशरथकाकांचा चहा त्यांच्याच धोतरावर.

बाबांना मात्र आनंद झाला. "आवाज हाय तर! मंग रोज मांजरीवानी काहून बोलते तू?"

सिलिंडर मी बसवला. सगळे सील मीच घातले. बाबांनी बोट फिरवून पाहिलं आणि पुढच्या कामाचा पाना माझ्या हातात दिला. आमच्या घरी याला शाबासकी म्हणतात.

*

राहिली नळीतली हवा. ती काढायला दोन माणसं लागतात. पुढचा स्टिअरिंग फिरवून दाबून धरतो, मागचा स्क्रू सैल करून हवा सोडतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून बाबांचा नियम असा की मागून हाक द्यायची आणि पुढून जवाब आल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. मधेच पुढच्यानं हात सोडला तर हवा परत आत!

अंगणात पुढे दशरथकाका बसले, मागे झाकणाखाली मी.

"डावीकडे फिरवा!" मी म्हटलं. जवाब नाही. पुन्हा म्हटलं. नाही. वर येऊन पाहते तर स्टिअरिंग डावीकडे, काका विडी ओढत.

"फिरवलं तर सांगा न काका!"

"पोरीले सांगू सांगू गाडी चालवू काय मी?"

शेवटी पुढे बाबा बसले. "फिरवा!" "फिरवलं!" "धरा!" "धरलं!" असा आमचा दिवस गेला.

*

मग धरणावर चाचणी. साहेब आले, नर्सबाई डबा घेऊन आल्या. (या खेपेला डब्याकडे सगळ्यांचं लक्ष!) काकांनी जामसांवलीच्या देवाच्या नावानं नारळ फोडला. बाबा काठावरच थांबले. बाबा पाण्याला भितात हे गॅरेजात सगळ्यांना ठाऊक, साहेबांना नाही. म्हणून लाँचीत काका, साहेब, नर्सबाई आणि बाबांच्या जागी मी.

काठापासून थोडं गेलो न गेलो तोच स्टिअरिंग मऊ पडलं, फिरवलं तरी लाँच वळेना. हवा राहिली होती कुठं तरी! समोर बुडालेल्या झाडाचे शेंडे. काकांनी इंजिन मंद केलं. साहेब म्हणाले, "बस झालं. लिलावातच काढू."

मी झाकणातून आत उतरले.  पाना हातात तयार धरला.

"डावीकडे फिरवा!"

जवाब नाही.

"काका, फिरवा!"

नुसती इंजिनाची धडधड. स्क्रूला हात लावला नाही. मग मी डोळे मिटून तो बेडूक आठवला, आणि ओरडले. नर्सबाईंचा डबा खाली पडल्याचं ऐकू आलं.

आणि पुढून, धरणभर ऐकू जाईल असा, दशरथकाकांचा आवाज आला.

"फिरवलं, मिस्त्री! धरून हावो मी!"

काठावरून बाबांनी "ओ!" दिली.

"तुमाले नाही, भाऊ!"